व्याजाची पहिली ओळ

एस अँड पी या संस्थेनं १४ ऑगस्ट २०२५ रोजी भारताचं पतमानांकन एक पायरी वर नेलं. ‘बीबीबी उणे’चं ‘बीबीबी’ झालं. याआधी त्या संस्थेनं आपल्याला अशी बढती दिली होती ती जानेवारी २००७मध्ये. मधे अठरा वर्षं सरली. मला मनापासून आनंद झाला. माझी सगळी नोकरी सोलापुरात, एका बँकेच्या कर्ज विभागात गेली. कुणाला किती द्यायचं, कोण फेडेल, कोण अडकेल, याच विचारात केस पांढरे झाले. आपल्या देशाकडे बघून कुणी तिऱ्हाईत ‘हा फेडणारा आहे’ असं म्हणतो, तेव्हा माझ्यासारखीला ते आतून सुखावतं.

त्याच महिन्यात, २७ तारखेपासून, अमेरिकेनं भारतीय मालावरचा आयातकर ५० टक्क्यांवर नेला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टेरी टॉवेल विणणारे जे कारखानदार अमेरिकेला माल पाठवतात, त्यांची झोप उडाली. तयार माल रवाना करायचा की थांबवायचा, नवं सूत उचलायचं की नाही, एक पाळी बंद करायची का, ही त्यांची चर्चा. देशाची पत वाढल्याची बातमी आणि ही, दोन्ही एकाच पंधरवड्यात. जुन्या ओळखीच्या एका यंत्रमागवाल्यानं मला विचारलं, “मॅडम, देशाचे मार्क वाढले म्हणे. मग माझ्या सीसीचा व्याजदर कधी उतरणार?” सीसी म्हणजे रोजच्या उलाढालीसाठी बँक देते ते कॅश क्रेडिट.

प्रश्न रास्त होता. पण त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, आणि अर्धवट दिलं तर खोटं ठरतं.

सरकारांना आणि कंपन्यांना अक्षरं लावण्याचा हा व्यवसाय अमेरिकेतल्या रेल्वेपासून सुरू झाला. जॉन मूडी यांनी १९०९मध्ये रेल्वे कंपन्यांच्या कर्जरोख्यांची प्रतवारी छापायला सुरुवात केली. आज जगातल्या सरकारांना मुख्यतः तीन संस्था तोलतात: एस अँड पी, मूडीज आणि फिच. ‘एएए’ सगळ्यात वर. तिथून उतरत आलं की ‘बीबीबी उणे’ ही गुंतवणुकीला लायक मानल्या जाणाऱ्या देशांची शेवटची पायरी. तिच्या खाली गेलेल्या देशाचे रोखे परदेशातल्या कित्येक पेन्शन फंडांना स्वतःच्या नियमांमुळेच घेता येत नाहीत. आपण वर्षानुवर्षं त्या काठावर उभे होतो. मूडीजनं २०१७मध्ये आपल्याला एक पायरी वर घेतलं आणि जून २०२०मध्ये, कोविडच्या ऐन धामधुमीत, पुन्हा खाली आणलं. एस अँड पीनं बढती दिली तेव्हाही मूडीज आणि फिच यांच्या लेखी आपण काठावरच होतो.

या संस्था दोन गोष्टी बघतात, ऐपत आणि दानत. उत्पन्न किती वाढतंय, परकीय चलनाची गंगाजळी किती, महागाई आटोक्यात आहे का, संस्था आणि न्यायव्यवस्था भक्कम आहेत का, सरकार बदललं तरी धोरण टिकतं का. या बहुतेक रकान्यांत भारत बरा दिसतो. अडतं ते तिजोरीच्या रकान्यात. केंद्र आणि राज्यं मिळून आपलं सरकारी कर्ज देशाच्या एकूण उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या आसपास आहे, आणि जमा होणाऱ्या महसुलाचा फार मोठा हिस्सा व्याजात जातो.

मानांकन दिल्लीपुरतं राहत नाही. देशातल्या कंपनीची पत सहसा सरकारच्या वर जाऊ दिली जात नाही. म्हणून सरकारला बढती मिळाल्यावर लगोलग स्टेट बँक आणि एनटीपीसीसारख्या कंपन्यांनाही ती मिळाली. सोलापूरजवळच्या आहेरवाडी-फताटेवाडीच्या शिवारातला १३२० मेगावॅटचा वीज प्रकल्प याच एनटीपीसीचा. अशी कंपनी परदेशातून पैसा उभा करते तेव्हा व्याजाचा दर ठरवताना हे अक्षर समोर असतं. पण मागवाल्याच्या सीसीपर्यंत ते पोचायला मधे रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती ज्या दरानं बँकांना उसने पैसे देते तो, आणि सरकारी रोख्यांचा बाजार ही दोन ठाणी आहेत. आणि त्या बाजारानं काय केलं? १४ ऑगस्टला मानांकन वाढलं. १५ तारखेला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी जीएसटी कमी करण्याची घोषणा केली. सुट्टी संपून १८ तारखेला बाजार उघडला तेव्हा सरकारी रोख्यांवरचा परतावा, म्हणजे सरकारला नव्या कर्जावर पडणारं व्याज, खाली येण्याऐवजी वर गेला. सरकारचा महसूल घटेल, मग ते जास्त कर्ज उचलेल, असा हिशेब रोखे विकत घेणाऱ्यांनी केला. मानांकन संस्था वर्षावर्षानं निकाल लावतात. बाजार रोज लावतो.

आता कर्ज विभागातली गोष्ट सांगते, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. मागवाला बँकेकडून दोन तऱ्हेचं कर्ज घेतो. एक मुदत कर्ज: नवे माग, जॅकार्ड, शेड यांच्यासाठी. दुसरं कॅश क्रेडिट, ज्याला सगळे सीसी म्हणतात: सूत, रंग, मजुरी, रोजची उलाढाल. नव्यानं लागलेले अधिकारी फाइल उघडली की कर्जाचा आकडा बघत आणि दचकत. आमच्या जुन्या मॅनेजर साहेबांनी मला वेगळी शिस्त लावली. आधी व्याजाची ओळ बघायची. व्याज कुठून भरलं जातंय? विकलेल्या चादरी-टॉवेलांच्या पैशातून, की मर्यादा वाढवून घेतलेल्या त्याच सीसीतून? पहिलं असेल तर दोन कोटींचं कर्जही पेलवतं. दुसरं असेल तर वीस लाखांचंही बुडतं, फक्त थोडा वेळ लागतो. मधल्या काळात कारखाना उत्तम चाललेला दिसतो. सगळ्या पाळ्या सुरू असतात, दिवाळीला बोनस वाटला जातो, वह्या चोख असतात.

सरकार म्हणजे मागवाला नव्हे, हे मला पुरतं ठाऊक आहे. सरकारला मरण नाही, ते कर लावू शकतं, रुपया त्याचाच आहे. तरीही अर्थसंकल्प हातात आला की माझी नजर आपोआप त्या ओळीवर जाते.

२०२५-२६चा केंद्राचा अर्थसंकल्प घ्या. एकूण खर्चाचा अंदाज ५०.६५ लाख कोटी रुपये. कर्ज सोडून येणारी जमा ३४.९६ लाख कोटी. फरक १५.६९ लाख कोटी, हीच वित्तीय तूट, जीडीपीच्या ४.४ टक्के. वर्तमानपत्रं इथं थांबतात. ४.४ हा आकडा मोठ्या अक्षरांत छापला जातो, मागच्या वर्षापेक्षा कमी असला की टाळ्या. पण पुढची ओळ वाचा: व्याजापोटी १२.७६ लाख कोटी. सरकारला करांतून आणि इतर मार्गांनी जो महसूल मिळणार होता तो ३४.२० लाख कोटी. म्हणजे महसुलाच्या दर शंभर रुपयांतले सदतीसहून अधिक रुपये शाळा, दवाखाना, रस्ता, सैन्य यांच्याकडे वळण्याआधीच जुन्या कर्जाच्या व्याजाला लागतात. आणि दुसऱ्या बाजूनं बघितलं तर वर्षभरात नव्यानं घ्यायच्या १५.६९ लाख कोटींपैकी १२.७६ लाख कोटी, शंभरातले एक्क्याऐंशी, हे व्याजाच्या रकमेइतके आहेत. माझ्या टेबलावर ही फाइल आली असती तर मी तिच्यावर लाल शेरा मारला नसता, पण ती दुपारच्या चहाआधी बाजूलाही ठेवली नसती.

लाल शेरा का नाही, तेही सांगायला हवं, नाहीतर मी अन्याय करेन. कर्जाचा पैसा कशात गेला हा दुसरा प्रश्न. रोजच्या खर्चालाही महसूल पुरत नाही तेव्हा महसुली तूट होते. तेवढं कर्ज पगार, पेन्शन, अनुदान आणि व्याज यांतच विरून जातं. २०२०-२१मध्ये केंद्राची वित्तीय तूट जीडीपीच्या ९.२ टक्के होती आणि तिचे पाचातले जवळजवळ चार भाग महसुली तुटीचे होते. २०२५-२६च्या अंदाजात महसुली तूट ५.२४ लाख कोटी, म्हणजे एकूण तुटीच्या एक तृतीयांश. बाकीचं कर्ज रेल्वे, महामार्ग, बंदरं अशा टिकाऊ कामांत जातंय. हा बदल खरा आहे, मेहनतीचा आहे, आणि एस अँड पीच्या बढतीमागे खर्चाचा सुधारलेला दर्जा हेही एक कारण होतं. पाच वर्षांत कुठल्याही कर्जदारानं एवढं वळण घेतलं असतं तर मी त्याची पाठ थोपटली असती.

कर्ज टिकाऊ कामात गेलं की काय होतं, हे सोलापुरात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झालं. ११७ टीएमसीचा यशवंतसागर. त्याच्या खर्चाचा भार आमच्या आधीच्या पिढीनं उचलला. शहराचं पाणी, जिल्ह्यातला ऊस, डाळिंबाच्या बागा, कालव्याकाठची गावं आजही त्याच्यावर उभी आहेत. शहरात अजून रोज नळाला पाणी येत नाही. समांतर जलवाहिनीसारख्या कामासाठी कुणी कर्ज काढलं तर माझा त्याला आनंदानं पाठिंबा. पाणी वर्षानुवर्षं येणार असेल तर हप्तेही वर्षानुवर्षं भरायला हरकत नाही, कारण भरणारा आणि पिणारा एकच राहतो.

आता देणाऱ्याकडे वळू. सरकारी कर्ज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जागतिक बँक किंवा कुठलातरी परदेशी सावकार येतो. १९९१मुळे ही समजूत घट्ट झाली आहे. तेव्हा परकीय चलन संपत आलं होतं. मे महिन्यात २० टन सोनं स्वित्झर्लंडच्या बँकेला विकलं गेलं, जुलैमध्ये आणखी सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवलं गेलं. घरातल्या बायकांना ती बातमी जशी लागली तशी अर्थशास्त्रज्ञांना लागली नसेल. पण तो परकीय चलनाचा तुटवडा होता. आज केंद्राच्या कर्जातला परकीय भाग अगदी लहान आहे. शंभरातले पंचाण्णवच्या आसपास रुपये देशातल्याच लोकांचे आहेत. कोणते लोक?

माझ्याकडे एक अक्का येतात. शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू घरातल्या, मराठी मात्र अस्सल सोलापुरी. आयुष्य विड्या वळण्यात गेलं. मांडीवर सूप, पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्यानं बांधायची आणि विडी कंपनीच्या ब्रँचला नेऊन द्यायची. ब्रँचमधला माणूस त्यातल्या नापसंत विड्या बाजूला काढतो आणि उरलेल्यांची मजुरी लावतो. त्यातूनच पीएफ कापला जातो. त्याचा हिशेब समजून घ्यायला अक्का माझ्याकडे बसतात, आणि त्यांचे प्रश्न नेमके असतात. एकदा म्हणाल्या, “ताई, कापलेलं पैसं ठेवतेत कुठं?”

मी सांगितलं, “अक्का, पीएफच्या पैशातले शंभरातले किमान पंचेचाळीस रुपये सरकारी रोख्यांत घालायचे असा नियम आहे. म्हणजे ते सरकारला कर्जाऊ दिलेत. सरकार त्याचं व्याज देतं, त्यातून तुम्हाला व्याज मिळतं.”

“म्हंजे सरकार आमचं देणं लागतंय की ओ?”

“लागतंय.”

“मग फेडतंय न्हवं?”

एस अँड पी, मूडीज आणि फिच वर्षभर खपून याच प्रश्नाचं उत्तर शोधतात. मी अक्कांना ‘हो’ म्हणाले, आणि ते मी जबाबदारीनं म्हणाले. रुपयातलं कर्ज भारत सरकारनं बुडवलेलं नाही, आणि पुढेही बुडवेल असं मला वाटत नाही. पण रुपयातलं कर्ज दुसऱ्या वाटेनं हलकं होतं. महागाई वाढू दिली की फेडलेल्या शंभराच्या नोटेत कमी साखर येते, कमी तेल येतं. कागदावर अक्कांचे पैसे व्याजासकट परत आलेले असतात, बाजारात मात्र त्यातला काही भाग वाटेतच गळालेला असतो. मानांकन संस्था चलनवाढीकडे डोळे लावून बसतात त्यामागे हेच कारण आहे. त्यांना परदेशी गुंतवणूकदाराची काळजी असते. मला अक्कांची आहे, आणि या एका जागी दोघांचं हित एकच निघतं.

अक्का एकट्या नाहीत. एलआयसीची पॉलिसी घेतलेली माणसं, पोस्टात बचत ठेवणारे पेन्शनर, बँकेत मुदत ठेव असलेला शिक्षक, हे सगळे सरकारचे सावकार आहेत, त्यांना पत्ता असो वा नसो. बँकांना तर आपल्या ठेवींच्या १८ टक्के रक्कम सरकारी रोखे, सोनं, रोकड अशा सुरक्षित गोष्टींत ठेवणं बंधनकारक आहे. ती बहुतांश रोख्यांतच असते. हे ऐकून काही जण सुटकेचा निःश्वास टाकतात. पैसा घरातलाच आहे ना, डाव्या हातातून उजव्या हातात, मग चिंता कसली? हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. हात दोन वेगळ्या माणसांचे आहेत. ज्याच्याकडे शिल्लक जास्त, त्याच्याकडे रोखे जास्त, म्हणून व्याजही त्यालाच जास्त. आणि ते व्याज भरण्यासाठी जो कर गोळा होतो त्यात जीएसटी आहे, जो साबणापासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तूत बसलेला असतो. अक्कांसारखी बाई मिळवलेलं जवळजवळ सगळं खर्च करते, त्यामुळे तिच्या कमाईचा मोठा भाग या कराच्या जाळ्यातून जातो. तिचा पीएफ लहान, म्हणून तिच्या वाट्याला येणारं व्याज लहान. देश कर्जावर जितकं जास्त व्याज भरतो, तितका पैसा हळूहळू खर्च करणाऱ्यांकडून साठवणाऱ्यांकडे सरकत राहतो. १२.७६ लाख कोटींच्या ओळीत मला हे दिसतं, आणि त्यावर अर्थसंकल्पाच्या रात्री टीव्हीवर एक शब्दही निघत नाही याचं वाईट वाटतं.

विडीचीच आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सोलापूरच्या प्रत्येक विडी कामगाराला माहीत असायला हवी होती. जीएसटी २०१७मध्ये आला तेव्हा राज्यांना पाच वर्षं महसुलाची भरपाई द्यायचं वचन केंद्रानं दिलं होतं. २०२०मध्ये टाळेबंदीत बाजार बंद पडले, भरपाईसाठी लावलेला उपकर जमेना, भरपाईला पैसा उरला नाही. मग केंद्रानं राज्यांसाठी कर्ज काढलं, २०२०-२१मध्ये १.१० लाख कोटी आणि २०२१-२२मध्ये १.५९ लाख कोटी. ते फेडायला उपकराची मुदत जून २०२२वरून मार्च २०२६पर्यंत वाढवली. पुढे ३ सप्टेंबर २०२५च्या बैठकीत जीएसटी परिषदेनं शेकडो वस्तूंचे दर उतरवले, विडीचा दरही २८वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. पण बाकी वस्तूंचे दर २२ सप्टेंबरला उतरले, विडीचा आणि तंबाखूजन्य पदार्थांचा बदल थांबवून ठेवला. किती दिवस? या कर्जाची मुद्दल आणि व्याज पूर्ण फिटेपर्यंत. अखेर १ फेब्रुवारी २०२६पासून विडीला १८ टक्के लागू झाले. विडी आरोग्याला वाईटच, तिच्यावरचा कर कमी व्हावा की नाही यावर माझं मत वेगळं असू शकतं. पण सहा वर्षांपूर्वीच्या टाळेबंदीत दिल्लीत घेतलेल्या कर्जाचा हप्ता फिटण्याची वाट दत्तनगरातल्या विडीला बघावी लागली, ही गोष्ट मला कुठल्याही पतमानांकन अहवालापेक्षा जास्त शिकवून गेली. सरकारी कर्ज माणसापर्यंत असं पोचतं.

आपल्या सरकारनं मानांकन संस्थांवर बरेचदा तक्रार केली आहे. २०२०-२१च्या आर्थिक पाहणी अहवालात तर यावर आख्खं प्रकरण होतं. जगातल्या पाचव्या क्रमांकाच्या अर्थव्यवस्थेला गुंतवणुकीच्या शेवटच्या पायरीवर ठेवण्याचं भारताआधी इतिहासात एकही उदाहरण नाही, असं त्यात मांडलं होतं. तक्रारीत तथ्य आहे. श्रीमंत देशांना या संस्था झुकतं माप देतात हे उघड आहे. अमेरिकेचा ‘एएए’ एस अँड पीनं २०११मध्ये काढला, फिचनं २०२३मध्ये, आणि मूडीजला मे २०२५ उजाडावा लागला. तोवर त्या देशाचं कर्ज ३६ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलं होतं. जपानचं कर्ज त्याच्या उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त आहे, तरी त्याला कुणी काठावर उभं करत नाही. श्रीलंकेनं २०१९च्या अखेरीस कर धडाधड कमी केले आणि एप्रिल २०२२मध्ये परदेशी कर्ज फेडणं थांबवलं. म्हणजे नुसत्या आकारावरून कुणाचं काय होईल ते कळत नाही. पण शेजारच्याला सवलत मिळते म्हणून माझ्या वहीतली व्याजाची ओळ लहान होत नाही. वित्तीय तूट ३ टक्क्यांवर आणायचा कायदा आपण आपल्याच संसदेत २००३मध्ये केला. त्यानंतर केंद्राची तूट त्या मर्यादेच्या आत आली ती २००७-०८ मध्ये. ती मोजपट्टी आपलीच आहे, परदेशी संस्थेनं लादलेली नाही.

राज्याकडे आलं की मामला जास्त जवळचा होतो. भारतातल्या राज्यांना या तीन संस्था केंद्रासारखी अक्षरं लावत नाहीत. राज्याचे रोखे रिझर्व्ह बँकेच्या लिलावात विकले जातात आणि चोख राज्य व ढिसाळ राज्य यांच्या व्याजदरात फारच थोडा फरक पडतो, कारण घेणाऱ्याला वाटतं की शेवटी मागे केंद्र उभं आहे. त्यामुळे वेळेवर कान धरणारं कुणी राहत नाही. महाराष्ट्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी, वित्तीय तूट १ लाख ३६ हजार २३५ कोटी, आणि डोक्यावरचं कर्ज ९.३२ लाख कोटींवर जाण्याचा अंदाज. राज्याच्या उत्पन्नाच्या मानानं हे कर्ज १९ टक्क्यांच्या आतच आहे, बऱ्याच राज्यांपेक्षा बरं. पण महसुली तूट आहे, म्हणजे रोजचा खर्च भागवायलाही कर्ज लागतंय.

त्याच अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेसाठी ३६ हजार कोटी होते. इथं शहरी, सुस्थितीतली माणसं ज्या सुरात बोलतात तो मला सहन होत नाही. अक्कांच्या सुनेला महिन्याला १५०० रुपये मिळतात. तिच्या हातात नवऱ्याला न विचारता खर्च करता येतील असे हे आयुष्यातले पहिले पैसे. मुलाच्या शिकवणीची फी त्यातून जाते. ते पैसे तिला मिळायलाच हवेत असं माझं मत आहे. पण ते करातून मिळायला हवेत. ज्यांच्या जमिनी, इमारती आणि उलाढाली वाढल्या त्यांच्याकडून घ्या आणि तिला द्या, ताठ मानेनं द्या. कर्ज काढून दिले तर तिचाच मुलगा मोठा होऊन ते व्याजासकट भरणार, आणि मधल्या वर्षांत त्याच्या शाळेला शिक्षक कमी पडणार. सोलापूरजवळच्या कुंभारीला रे नगरमध्ये विडी आणि इतर असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा प्रकल्प उभा राहिला, त्यातल्या १५ हजार घरांचा ताबा जानेवारी २०२४मध्ये दिला गेला. केंद्राचं अनुदान, राज्याचं अनुदान आणि कामगारांचा स्वतःचा हिस्सा. सरकारनं त्यासाठी कर्ज घेतलं असेल तरी त्या कर्जाच्या बदल्यात भिंती आणि छप्पर उभं आहे.

तुटीच्या आकड्यात न दिसणारं एक ओझं मात्र मला सगळ्यांत जास्त छळतं. थकहमी. सहकारी साखर कारखाना बँकेकडून कर्ज घेतो, राज्य सरकार हमी देतं की कारखान्यानं थकवलं तर आम्ही भरू. हमी दिली त्या दिवशी तिजोरीतून पैसा जात नाही, म्हणून तूट वाढत नाही. सही करताना हात जड होत नाही. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने आमच्या जिल्ह्यात, त्यामुळे हा शब्द इथल्या पोरांनाही पाठ आहे. कारखाना चालला तर प्रश्न नाही. अडकला की कर्ज सरकारच्या गळ्यात, म्हणजे करदात्याच्या, ज्यात ऊस कधी न लावलेली अक्काही आली.

खाजगी बुडीत खातं सरकारच्या दारात येण्याचा अनुभव या शहराला फार जुना आहे. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, आमची ‘जुनी मिल’, ऑगस्ट १९४९मध्ये बंद पडली. माझे आजोबा तिथे कामाला होते. गैरकारभारामुळे कापडाचं उत्पादन घटलं आणि कामगार बेकार झाले, असं सांगत केंद्र सरकारनं जानेवारी १९५०मध्ये खास या एका गिरणीसाठी वटहुकूम काढला आणि कारभार आपल्या हाती घेतला. नव्या संचालकांनी पैसा उभा करण्यासाठी प्राधान्य भागधारकांना त्यांच्या भागांची उरलेली रक्कम भरायला सांगितलं. एक भागधारक न्यायालयात गेला आणि डिसेंबर १९५३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला: मालमत्ता अशी ताब्यात घेऊन भरपाई न देणं घटनेत बसत नाही. कायद्याचे विद्यार्थी आजही हा निकाल वाचतात. गिरणी चालू ठेवणं कामगारांसाठी योग्यच होतं. आजोबांच्या घरची चूल त्यावर पेटायची, मी दुसरं कसं म्हणेन? पण पैसे कुणी भरायचे हा प्रश्न आधी न विचारता निर्णय झाला की तो नंतर कोर्टात विचारला जातो. जुनी मिल शेवटी वाचली नाहीच.

राज्याचा अर्थसंकल्प नऊ वेळा मांडणारे सुशीलकुमार शिंदे याच शहराचे. अर्थसंकल्पाची भाषा सोलापूरला परकी असायचं काहीच कारण नाही. दर मार्चमध्ये तो विधिमंडळात मांडला जातो, सगळी पुस्तकं सरकारच्या संकेतस्थळावर मराठीतही असतात, आणि जिल्ह्यातले अकरा आमदार सभागृहात बसलेले असतात. रस्त्याला निधी मिळाला की त्यांचे फलक लागतात, ते लागोत. त्यांच्यापैकी एकानं तरी, कुठल्याही पक्षाच्या, पुढच्या अधिवेशनात उभं राहून एवढं लेखी मागावं: या वर्षीच्या महसुलातले शंभरातले किती रुपये व्याजात गेले, नव्या कर्जातले किती रोजच्या खर्चात गेले, आमच्या जिल्ह्यातल्या कोणत्या कारखान्याला किती थकहमी दिली आहे, त्यातली किती सरकारच्या अंगावर आली, आणि ती भरायला कुठल्या कामाचे पैसे वळवले.